पट्टीवर रेघ उमटली नाही म्हणजे काय? प्रथिनांवरून जंतूंचा रेझिस्टन्स ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये नवीन रुजू झालेलं कुणीही पहिल्या आठवड्यात हमखास विचारतं: "माल्डीने जंतूचं नाव काही मिनिटांत सांगितलं, मग कुठलं औषध चालेल हेही त्यालाच का नाही विचारायचं? उद्यापर्यंत डिस्कचे झोन मोजायची वाट कशाला?"

(माल्डी म्हणजे प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं यंत्र, आणि झोन म्हणजे प्लेटवर औषधाच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेली मोकळी जागा.) प्रश्न रास्त आहे. मीही विचारला होता. त्याचं अर्धं उत्तर "विचारता येतं" असं आहे आणि उरलेलं अर्धं या लेखात आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं प्लेट वाचते आहे. डीएमएलटी किंवा एमएस्सी करून नुकतंच बेंचवर बसलेल्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिलंय. किटचं पत्रक आणि तुमच्या लॅबची एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धत, यांची जागा हा लेख घेणार नाही. त्या दोन्ही गोष्टी भिंतीवर लावून ठेवलेल्या असतात आणि कुणी वाचत नाही, तेवढं मात्र करू नका.

आधी कळू द्या, शोधतोय काय

जंतू औषधाला जुमानत नाही, यामागे ढोबळमानाने चार युक्त्या असतात. औषध फोडून टाकणारं एन्झाइम तयार करायचं. औषध जिथे जाऊन चिकटतं, ते ठिकाणच बदलायचं. औषध आत येण्याची दारं, म्हणजे पोरिन नावाची प्रथिनं, कमी करायची किंवा बंद करायची. आणि आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. चारही युक्त्या प्रथिनांच्या जोरावर चालतात, म्हणून प्रथिनं तपासून रेझिस्टन्स ओळखण्याची कल्पना मुळात पक्की आहे.

पीसीआर जीन शोधतो. जीन असूनही ते गप्प बसलेलं असू शकतं. प्रथिन सापडलं तर कारागीर प्रत्यक्ष कामावर हजर आहे हे कळतं. पण अडचणही इथेच आहे. पहिल्या दोन युक्त्यांमध्ये काहीतरी जास्तीचं किंवा वेगळं प्रथिन असतं, ते पकडता येतं. तिसऱ्या युक्तीत प्रथिन *नसणं* हाच रेझिस्टन्स असतो. चौथीत पंप सगळ्याच जंतूंत असतात, फक्त किती जोरात चालतात एवढाच फरक. बेंचवरच्या साध्या चाचण्या यांपैकी पहिल्या दोनच बघतात. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

पहिली पायरी: प्लेट शुद्ध आहे का?

कंटाळवाणी पायरी, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आयसीयूतल्या रुग्णाच्या घशातल्या नळीचा नमुना घ्या: वर क्लेबसिएलाच्या मोठ्या, लिबलिबीत कॉलनी दिसतात आणि त्यांच्या खाली अ‍ॅसिनेटोबॅक्टर दबा धरून बसलेला असतो. लूप खोल गेली की दोघंही येतात. माल्डी मोठ्याने बोलणाऱ्याचं नाव सांगतो आणि रेझिस्टन्सची एन्झाइमं शोधणारी पट्टी (ती तिसऱ्या पायरीत येईल) दोघांपैकी कुणाचंही एन्झाइम पकडते. रिपोर्टवर मग एकाचं नाव आणि दुसऱ्याचा गुन्हा.

म्हणून सुटी, एकटी कॉलनी घ्या. शंका आली तर पुन्हा स्ट्रीक करा आणि १८ ते २४ तासांची ताजी वाढ वापरा. ब्लड कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झाली असेल आणि वॉर्डमधून फोनवर फोन येत असतील, तर चॉकलेट अगार किंवा ब्लड अगारवर ठिपका देऊन चार ते सहा तासांची पातळ वाढ घ्या. माल्डीवर नाव येण्यापुरती ती बहुतेक वेळा पुरते. त्याच प्लेटवर पुढे रात्रभर वाढ होऊ द्या आणि सकाळी मिश्र नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

आणखी एक: प्लेटचा वास घ्यायचा नाही. जुने लोक स्यूडोमोनासला द्राक्षांच्या वासावरून ओळखायचे आणि ते फार कौतुकाने सांगतातही, पण पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर मेलिऑयडोसिस या श्वासावाटेही जडणाऱ्या गंभीर आजाराचे रुग्ण येतात. मधुमेही रुग्ण, ताप, ब्लड कल्चरमध्ये ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह दंडाणू, दोन-तीन दिवसांनी सुरकुतणाऱ्या कॉलनी, कोलिस्टिनला रेझिस्टंट पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला सेन्सिटिव्ह. असं चित्र दिसलं की प्लेट बंद करा, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या आणि सीनियरला हाक मारा. हा जंतू, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय, डेटाबेस अपुरा असेल तर माल्डीवर त्याच्या निरुपद्रवी भावाच्या, थायलँडेन्सिसच्या, नावानेही येतो.

दुसरी पायरी: माल्डीवर नाव काढणं

यंत्राचं तत्त्व सांगायला मला दादरचा पूल बरा वाटतो. गाडी थांबली, मागून सगळ्यांना सारखाच धक्का बसला, तर रिकाम्या हाताचा माणूस आधी पलीकडे पोचतो आणि दोन बोजे घेतलेला मागे राहतो. माल्डीत लेझरचा झोत पडला की जंतूची प्रथिनं विद्युतभारित होऊन उडतात. विजेचा दाब सगळ्यांना सारखाच ढकलतो, निर्वात नळीतून हलकं प्रथिन आधी पोचतं आणि जड नंतर. पोचायला लागलेल्या वेळावरून वजन काढायचं. पडद्यावर जी टोकं दिसतात त्यांना आम्ही पीक म्हणतो. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही, पण "आज पीक चांगलं आलंय" हा विनोद प्रत्येक लॅबमध्ये होतो, तुमच्याही होईल.

मोठी प्रथिनं न मोडता उडवता येतात, हे दाखवल्याबद्दल जपानच्या कोइची तानाका यांना २००२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ते शिमाद्झु कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांची सुरुवातीची युक्ती चुकून मिसळल्या गेलेल्या ग्लिसरॉलमधून सुचली होती. आज आपण जो मॅट्रिक्स, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून घेणारं द्रव्य, नमुन्यावर टाकतो त्याची वाट जर्मनीतल्या कारास आणि हिलेनकाम्प यांच्या कामातून आली. चुकून काहीतरी मिसळलं तर फेकण्याआधी वहीत लिहून ठेवा, एवढाच त्यातला आपल्या कामाचा भाग.

आता हाताने करायचं काम. लाकडी टूथपिकच्या टोकाने कॉलनीचा अगदी किंचित भाग घ्या आणि माल्डीच्या प्लेटवरच्या गोलावर पातळ थर द्या. नवशिके नेहमी जास्त घेतात. थर नुसता दिसेल न दिसेल इतका हवा. स्टॅफिलोकोकससारखा जाड भिंतीचा जंतू किंवा लिबलिबीत क्लेबसिएला असेल तर त्यावर ७० टक्के फॉर्मिक अ‍ॅसिडचा १ मायक्रोलिटर थेंब टाका आणि वाळू द्या. मग १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स: अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सीसिनॅमिक अ‍ॅसिड, जे ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आणि २.५ टक्के ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवलेलं असतं. पुन्हा वाळू द्या. टिप प्रत्येक स्पॉटला नवी.

मुंबईत पुस्तकाबाहेरचा एक धडा जूनमध्ये मिळतो. हवा ओली झाली की थेंब वाळायला वेळ लागतो, मॅट्रिक्सचे स्फटिक मोठे आणि विस्कळीत होतात आणि कालपर्यंत सुरळीत येणारे स्कोअर आज घसरतात. यंत्र बिघडलं म्हणून इंजिनिअरला फोन करण्याआधी एसी आणि डीह्युमिडिफायर बघा. मॅट्रिक्सची बाटली उघडी ठेवू नका, कारण अ‍ॅसिटोनायट्राइल उडून जातं आणि प्रमाण बिघडतं. वीज गेली की पंप थांबतात आणि आतली पोकळी पुन्हा पुरेशी निर्वात व्हायला वेळ लागतो. म्हणून यूपीएसवर यंत्रासोबत चहाची किटली लावणाऱ्याला माफी नाही.

रोज सुरुवातीला कॅलिब्रेशन करा. ब्रुकरच्या यंत्रासोबतचं मानक द्रव्य म्हणजे ई. कोलायचा अर्क, त्यात आरएनेझ आणि मायोग्लोबिन ही दोन जड प्रथिनं वरून घातलेली. त्यात ४,३६५, ५,३८१, ७,२७४, १०,३०० अशी ठरलेली पीकं आली पाहिजेत. त्या यंत्रावर स्कोअर २.० किंवा वर असेल तर प्रजातीपर्यंत नाव धरायचं, १.७ ते २.० मध्ये असेल तर फक्त जीनसपर्यंत. व्हायटेक एमएस हे दुसऱ्या कंपनीचं यंत्र टक्केवारी देतं, त्याचा हिशेब वेगळा. शिगेला आणि ई. कोलाय यांच्यात हे यंत्र सहसा गोंधळतं, त्यामुळे जुलाबाच्या नमुन्यात त्याच्यावर विसंबू नका. तिथे बायोकेमिकल आणि सीरम लागतंच.

मग रेझिस्टन्स त्याच ग्राफवर का दिसत नाही?

सुरुवातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे. ओळखीसाठी यंत्र साधारण २,००० ते २०,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाची प्रथिनं बघतं. त्यांतली बरीचशी रायबोसोमची असतात, म्हणजे जंतूच्या रोजच्या प्रपंचाची. एनडीएमसारखं कार्बापेनमेझ, म्हणजे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं फोडणारं एन्झाइम, २८,००० डाल्टनच्या आसपास भरतं. एमआरएसएचं, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचं, पीबीपी२ए हे प्रथिन तर ७६,००० च्या घरात. दोघंही त्या खिडकीच्या बाहेर उभे. नेहमीच्या ग्राफवर ते शोधणं म्हणजे मांजर ज्या फटीतून जातं तिथे म्हशीची वाट बघणं.

काही आडवाटा आहेत. केपीसी या दुसऱ्या एका कार्बापेनमेझचं जीन वाहून नेणाऱ्या एका विशिष्ट प्लाझ्मिडसोबत (जंतूंमध्ये फिरणारा डीएनएचा सुटा तुकडा) एक छोटं प्रथिनही येतं, त्याचं पीक ११,१०९ च्या आसपास दिसतं. म्हणजे चोर दिसला नाही तरी त्याची स्कूटर दिसली. अमेरिकेत आणि युरोपच्या काही भागांत हे उपयोगी पडतं. आपल्याकडे क्लेबसिएलात मुख्यतः एनडीएम आणि ओएक्सए-४८ च्या कुळातली एन्झाइमं आढळतात, केपीसी क्वचित. त्यामुळे ते पीक दिसलं नाही म्हणून मुंबईत कुणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. तसंच एमआरएसएच्या काही जातींत २,४१५ ला एक छोटं पेप्टाइड दिसतं. ते असेल तर एमआरएसएची शंका घट्ट होते. पण ते एससीसीमेक कॅसेटच्या (पीबीपी२एचं जीन वाहणारा डीएनएचा तुकडा) दोन, तीन आणि आठ या प्रकारांसोबत येतं. समाजात फिरणाऱ्या चार आणि पाच प्रकारांत ते नसतं, आणि हे प्रकार आपल्याकडे भरपूर आहेत.

तिसरी पायरी: पट्टी

गरोदरपणाची चाचणी पाहिलेल्या कुणालाही ही समजावून सांगावी लागत नाही. पट्टीवर ठरावीक एन्झाइमांविरुद्धच्या अँटिबॉडीच्या रेघा असतात. बहुतेक किटमध्ये केपीसी, ओएक्सए-४८ कुळ, व्हिम, इम्प आणि एनडीएम ही पाच. कॉलनी किटमधल्या द्रावणात मिसळायची, सांगितलेल्या मापाने पट्टीवर टाकायची आणि साधारण १५ मिनिटांत वाचायची. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी ओएक्सए-२३ ची वेगळी पट्टी मिळते. पाच रेघांची नेहमीची पट्टी त्याच्यावर वापरून "निगेटिव्ह" लिहू नका, कारण त्याचं नेहमीचं एन्झाइम त्या पट्टीत नसतंच.

सोपी चाचणी असली तरी तीन गोष्टी बघा. कंट्रोलची रेघ आली का? आली नसेल तर सगळं रद्द. कॉलनी नीट विरघळली का? चिकट गोळा तसाच टाकला तर तो पट्टीवर नीट सरकत नाही आणि फिकट, संशयास्पद रेघा दिसतात. व्होर्टेक्स करा, गरज पडली तर कमी कॉलनी घेऊन पुन्हा लावा. आणि तिसरं, घड्याळ. अर्ध्या तासाने जेवून आल्यावर दिसलेली रेघ ही रेघ नाही. दिलेल्या वेळेतच फिकट रेघ दिसली तर मात्र ती पॉझिटिव्हच. "फिकट आहे म्हणून सोडून दिली" हे वाक्य मला ऐकायचं नाही.

एनडीएमच्या नावातली नवी दिल्ली जगभर गाजली. २००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या क्लेबसिएलात हे एन्झाइम सापडलं, तो रुग्ण आधी नवी दिल्लीत दाखल झाला होता, आणि २००९ मध्ये ते त्या नावाने प्रसिद्ध झालं. पुढे नावावरून राजकारण पेटलं. त्या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडली: मार्च २०१० मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इथल्याच नमुन्यांचा निष्कर्ष छापला होता. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातल्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होतं. नाव कुठल्याही शहराचं असो, तो पाहुणा तेव्हाच मुंबईच्या घरात राहायला आलेला होता.

पट्टीवर कुठली रेघ आली याला महत्त्व आहे ते उपचारामुळे. केपीसी आणि ओएक्सए-४८ यांना अ‍ॅव्हिबॅक्टम रोखतं. एनडीएमला ते रोखू शकत नाही, कारण एनडीएम जस्ताच्या जोरावर चालणारं वेगळ्या घडणीचं एन्झाइम आहे. उलट अ‍ॅझट्रिओनाम हे औषध एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जंतूत बहुधा ईएसबीएल हे पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन फोडणारं एन्झाइमही असतं आणि ते अ‍ॅझट्रिओनाम फोडतं. म्हणून डॉक्टर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम एकत्र देतात: अ‍ॅव्हिबॅक्टम ईएसबीएलला अडवतं, अ‍ॅझट्रिओनाम एनडीएमच्या हातून निसटतं. आपल्याकडे एकाच जंतूत एनडीएम आणि ओएक्सए-४८ दोन्ही रेघा येणं नेहमीचं आहे, तिथेही हाच हिशेब. औषध ठरवणं आपलं काम नाही, पण कुठली रेघ आली हे फोनवर सांगताना पलीकडचा माणूस त्यावरून काय ठरवणार आहे ते आपल्याला ठाऊक हवं.

चौथी पायरी: जंतूला औषध खायला देणं

माझी सगळ्यात आवडती चाचणी ही, कारण इथे आपण एन्झाइम शोधत बसत नाही, त्याचं काम बघतो. जंतूला औषधात ठेवायचं आणि थोड्या वेळाने औषध शिल्लक आहे का ते माल्डीवर तोलायचं. औषधाचं वजन काही शे डाल्टन, म्हणजे यंत्राच्या सहज आवाक्यातलं.

एर्टापेनेम या कार्बापेनेमचं उदाहरण घ्या. अख्खं औषध ४७६ ला दिसतं, आणि सोडियम चिकटलेली त्याची रूपं ४९८ आणि ५२० ला. एन्झाइमने त्याचं कडं फोडलं की पाण्याचा एक रेणू जोडला जातो, वजन १८ ने वाढून ४९४ होतं. मग त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ४४ कमी, आणि ४५० चं पीक उगवतं. कार्बापेनमेझ आहे असं म्हणायचं तर ४७६, ४९८, ५२० मावळायला हवेत आणि ४५० दिसायला हवं. फक्त ४९४ आणि ४९८ यांच्यात गल्लत करू नका. चार डाल्टनच्या फरकावर मी एकदा अर्धी सकाळ घालवली आहे.

कृती अशी: एर्टापेनेमचं ताजं द्रावण करा, ०.४५ टक्के सलाइनमध्ये मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम. त्यात लूपभर ताजी वाढ दाट मिसळा. ३५ ते ३७ अंशांवर दोन ते अडीच तास ठेवा. सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी १ मायक्रोलिटर स्पॉटवर टाका, वाळल्यावर मॅट्रिक्स. यंत्राची पद्धत बदलून कमी वजनाच्या टप्प्यावर आणायला विसरू नका, साधारण १०० ते १,००० डाल्टन. मॅट्रिक्सची स्वतःची पीकंही याच भागात येतात, १९० आणि ३७९ ला. मेरोपेनेम वापरलं तर त्याचं ३८४ चं पीक या ३७९ च्या शेजारीच बसतं, म्हणून शिकताना एर्टापेनेमपासून सुरुवात केलेली बरी. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनाससाठी मात्र मेरोपेनेम किंवा इमिपेनेमच घ्या.

प्रत्येक वेळी तीन नळ्या सोबत हव्यात. एनडीएम असलेला माहितीतला जंतू, उदाहरणार्थ एटीसीसी (प्रमाणित जंतूंचा संग्रह) बीएए-२१४६. कार्बापेनमेझ नसलेला, बीएए-१७०६. आणि जंतूच न घातलेलं नुसतं औषध. ही तिसरी नळी लोक वाचवतात आणि पस्तावतात. कार्बापेनेमं पाण्यात आपोआप विघटित होतात. दुपारी एसी बंद पडला, द्रावण बाकावर पडून राहिलं, तर जंतूशिवायही ४७६ खाली येतो. नुसत्या औषधाच्या नळीतच तो गेला असेल तर सगळी फेरी फेका.

ओएक्सए-४८ इथे फसवतं. ते कार्बापेनेम फार संथ फोडतं आणि दोन तासांत ग्राफवर फरक दिसत नाही. द्रावणात अमोनियम बायकार्बोनेट घातलं की त्याला वेग येतो आणि चाचणी बरीच सुधारते. मुंबईत ओएक्सए-४८ कुळ इतकं सर्रास असताना बायकार्बोनेटशिवाय ही चाचणी लावण्यात अर्थ नाही.

माल्डी नसेल तर

उपनगरातल्या कितीतरी लॅबमध्ये माल्डी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. तीच कल्पना एका डिस्कवर चालते, तिचं नाव एमसीआयएम. २ मिलिलिटर ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटरच्या लूपने जंतू घाला (स्यूडोमोनास असेल तर १० मायक्रोलिटरची लूप), त्यात १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क बुडवा, ३५ अंशांवर चार तास ठेवा. मग डिस्क काढून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ पसरलेल्या म्युलर-हिंटन प्लेटवर ठेवा. जंतूने औषध खाल्लं असेल तर डिस्कमध्ये काही उरत नाही आणि ई. कोलाय डिस्कच्या जवळपर्यंत वाढतो. झोन ६ ते १५ मिलिमीटर आला तर पॉझिटिव्ह, १९ किंवा जास्त आला तर निगेटिव्ह. मधल्या मापांसाठी आणि झोनच्या आत तुरळक कॉलनी दिसल्या तर सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा तक्ता उघडा. सोबत ईडीटीए घातलेली दुसरी नळी लावली आणि तिचा झोन ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मोठा आला, तर एन्झाइम एनडीएमसारखं जस्तावर चालणारं आहे, कारण ईडीटीए ते जस्त पळवतं. निकाल दुसऱ्या दिवशी, पण खर्च जवळपास नाहीच. नवीन माणसाला मी आधी हीच चाचणी शिकवते. झोन डोळ्यांनी पाहिला की माल्डीवरचं ४५० म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

एमआरएसए: थोडक्यात

स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये बदललेलं ठिकाण म्हणजे पीबीपी२ए हे प्रथिन, आणि ते पकडायला लॅटेक्सच्या कणांची चाचणी किंवा पट्टी मिळते. कण गुठळ्या झाले की पॉझिटिव्ह. काही जाती हे प्रथिन औषध जवळ आल्यावरच पुरेसं तयार करतात, म्हणून ३० मायक्रोग्रॅमच्या सेफॉक्सिटिन डिस्कच्या कडेची वाढ उचला. डिस्कचा झोन २१ मिलिमीटर किंवा कमी असेल तर एमआरएसए, पट्टी काहीही म्हणो. दोघांचं जुळलं नाही तर शुद्धता तपासा आणि पुन्हा लावा. कंट्रोल म्हणून पॉझिटिव्ह एटीसीसी ४३३०० आणि निगेटिव्ह २५९२३.

शेवटची पायरी: काय लिहायचं

सुरुवातीच्या वर्षांतली माझी चूक इथली आहे. एका रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला आला. मी संध्याकाळी घाईने पट्टी लावली, पाचही रेघा कोऱ्या. रिपोर्टवर लिहिलं, "कार्बापेनमेझ निगेटिव्ह", आणि कर्जत लोकल पकडायला निघाले. रात्री ड्यूटीवरच्या रेसिडेंटने त्याचा अर्थ मेरोपेनेम चालेल असा घेतला. सकाळी प्लेट उघडली तर मेरोपेनेमच्या डिस्कभोवती झोनच नव्हता. त्या जंतूत ईएसबीएल होतं, आणि एकही कार्बापेनमेझ नसताना असा रेझिस्टन्स दिसला की पहिला संशय पोरिनवरच जातो: दारं बंद आणि आत शिरलेलं थोडंफार औषध फोडायला ईएसबीएल पुरेसं. पट्टीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिला विचारलेला प्रश्न एक आणि माझ्या रिपोर्टने दिलेलं उत्तर दुसरंच. औषध त्याच सकाळी बदललं, रुग्ण बरा झाला, पण त्या सकाळचा फोन मला अजून शब्द न शब्द आठवतो.

तेव्हापासून मी पूर्ण वाक्य लिहिते: "केपीसी, ओएक्सए-४८ कुळ, व्हिम, इम्प, एनडीएम यांपैकी एकही एन्झाइम आढळलं नाही. यावरून मेरोपेनेम परिणामकारक ठरेल असा निष्कर्ष काढू नये. सेन्सिटिव्हिटीचा अंतिम निकाल उद्या." लांबलचक आहे, सॉफ्टवेअरच्या चौकटीत मावत नाही, तरी लिहिते. पॉझिटिव्ह असेल तर उलट: कुठलं एन्झाइम, कुठल्या जंतूत, एवढं लिहून ताबडतोब फोन. कुणाला, किती वाजता सांगितलं हे वहीत. रुग्णाला वेगळं ठेवायचं असतं, म्हणून संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरनाही तोच फोन.

सेन्सिटिव्हिटी कधीच टाळायची नाही. आपल्याकडच्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये अ‍ॅझट्रिओनाम ज्याला चिकटतं त्या पीबीपी३ या प्रथिनात चार अमिनो आम्लांची जादा भर सापडते, आणि त्यामुळे अ‍ॅझट्रिओनामची वर सांगितलेली जोडीही दुबळी पडू शकते. पट्टीवर एनडीएमची रेघ ठळक येईल, ही भर मात्र तिला दिसणार नाही. कोलिस्टिनचं तर प्रकरणच निराळं. त्याचा रेझिस्टन्स बहुधा जंतूच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपिडमधल्या बदलाने येतो, आणि तो रेणू अगारमध्ये नीट पसरतही नाही, म्हणून तिथे डिस्क लावायची नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच करायचं, म्हणजे औषधाच्या चढत्या प्रमाणांच्या द्रावणांत जंतू वाढतो का ते बघायचं.

ज्यांना यापुढे जायचंय, त्यांच्यासाठी एलसी-एमएसची (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री) वाट आहे. जंतूची सगळी प्रथिनं काढायची, ट्रिप्सिनने लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापायची, आणि एनडीएमचे किंवा पीबीपी२एचे ओळखीचे तुकडे वजनावरून शोधायचे. तिथे पोरिन किती घटलं हेही मोजता येतं, म्हणजे माझ्या त्या क्लेबसिएलाचं कोडं सुटलं असतं. पण ती यंत्रं रोजच्या रुग्णसेवेची नाहीत. पवईच्या आयआयटीत प्रोटिऑमिक्ससाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुविधा आहे, एमएस्सीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांनी तिथली दारं ठोठवायला हरकत नाही.

पहिला महिना रुग्णांच्या नमुन्यांना हात लावण्याआधी फक्त कंट्रोलच्या जंतूंवर काढा. सीनियरने नावं झाकून पाच नळ्या द्याव्यात आणि तुम्ही ओळखाव्यात. पाचपैकी एक तरी अशी असू दे, जिच्यात कार्बापेनमेझ नाही पण मेरोपेनेमला रेझिस्टन्स आहे. आणि संध्याकाळी निघताना वापरलेल्या प्लेट, टूथपिक, नळ्या यांना १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, मग पिवळी पिशवी. ऑटोक्लेव्हची इंडिकेटर टेप काळी झालेली बघूनच दिवा बंद करा.